चिलटायले दिलेली नोटीस

समुद्रपूरच्या जिजाबाईच्या घरात चिलटं झाली, तेव्हा पयले तिनं कोणाले सांगतलंच नाई. सांगाचं तरी कोणाले? घरात ती एकटी. नवरा प्रेमदास भिंतीवर, फोटोत. तो जित्ता होता तेव्हाई तिचं ऐकत नव्हता, आता फोटोतून काय कान देईन?

आंब्याच्या कोयीवर घोंघावते ते चिलटं येगळे. हे न्हाणीतले. राखेच्या रंगाचे, तिळाएवढे, पंखावर मखमलीसारखी लव. धड उडताही येत नाई त्याईले. दोन बोटं उडाचं अन् भिंतीले चिपकून बसाचं, वरातीत पिऊन आलेल्या मामावाणी. चावत नाई, गुणगुणत नाई. पण संध्याकाळी जिजाबाई बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हणाले बसली, का दहा-बारा जण उजेडापाशी येऊन हजर. पयलंच शील, जीवहत्या करणार नाई. ते म्हणता म्हणता एखादं चिलट तिच्या नाकावर बसे. हात उचलावा तर शील मोडते, न उचलावा तर शिंक येते. दोन आठवडे तिनं शिंकत शिंकत वंदना केली.

मंग आला रविवार. रविवारी सकाळी दहा वाजता पुण्याहून लेकाचा, प्रफुल्लचा, तोंड दिसणारा फोन येत असे. प्रफुल्ल इचारे, बीपीची गोळी घेतली का. ती म्हणे, घेतली. सून रुचिका मागून म्हणे, काळजी घ्या आई. मंग सात वर्षांच्या रोशनीच्या हातात फोन कोंबत, बोल आजीशी. रोशनी म्हणे, हाय आजी. जिजाबाई इचारे, जेवली का व? ती म्हणे, हो. अन् फोन परत बापाकडं. सगळं मिळून पावणेदोन मिनिटं. त्या पावणेदोन मिनिटासाठी जिजाबाई सकाळी सात वाजताच डोक्यावरून पाणी घेऊन, इस्त्रीचं पातळ नेसून तयार राहे.

त्या रविवारी चिलट उडालं ते नेमकं फोनच्या कॅमेऱ्यावर जाऊन बसलं. तिकडं पुण्यात रोशनीले ते दिसलं म्हशीएवढं. पोरगी पयले किंचाळली अन् मंग तिनं बापाच्या हातातून फोनच ओढून घेतला. हे काय आहे, म्हणे.

न्हाणीतलं चिलट होय, एवढं सांगतलं असतं तर काम भागलं असतं. अन् पावणेदोन मिनिटात फोनही बंद झाला असता. पण पाच शीलांपैकी चौथं, खोटं न बोलाचं, ते जिजाबाईनं लग्नाआधीपासूनच जरा सैल पकडलं होतं.

"हे आमच्या न्हाणीचे सरपंच होय," ती म्हणाली. "तक्रार घेऊन आले."

"कसली तक्रार?"

"राशन भेटत नाई म्हणते. अंगठा लावाले गेले, तर मशीन इचारते, सहा पायापैकी कोणत्या पायाचा?"

रोशनी इतकी हसली का तिचा पडका दात दिसला. पोरीचा दात पडला, हे आजीले त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाले फोन वाजला. रविवार नाई, सणवार नाई. जिजाबाईनं ओल्या हातानंच फोन उचलला, कोणाले काय झालं म्हणून. पाहते तर रोशनी, आईचा मोबाईल घेऊन सोफ्यावर आडवी पडलेली. सरपंचांचं काय झालं, म्हणे.

तेव्हापासून रोज साडेसहा. जिजाबाईनं न्हाणीतली अख्खी वस्ती उभी केली. सरपंचाची बायको समुद्रपुरात समुद्र कुठी आहे ते इचारत इचारत हायवेवरच्या जाम गावच्या चौकात पोचली, तिथं ट्रकच्या काचेवर बसली ते थेट कन्याकुमारीले उतरली, अन् पाणी खारट निघालं म्हणून वापस आली. एका चिलटाचं लगन लागलं, वरात बादलीच्या कडीवरून निघाली, अन् नवरदेव साबणावरून घसरला तो आठ दिवस लंगडत होता. पण पोरगी पुण्याची. सगळं ऐकून झालं का तिचा एकच शब्द, दाखव. मंग जिजाबाई फोन घेऊन न्हाणीत जाई, भिंतीवरची चिलटं एकेक करून दाखवी. ही नवरी. हा सासरा, रुसून बसला. तो जाडा कोण, रोशनी इचारे. तो मामा, बसस्टँडवर पडलेला राहते. अशी वीस मिनिटं जात. एक दिवस तर एकतीस झाली, अन् मोबाईल इतका तापला का त्यावर पापड भाजून घेता आला असता.

आता या सगळ्यात भिंतीपलीकडच्या रुख्माबाईचं डोकं उठलं. रुख्माबाई म्हणजे लक्ष्मणरावाची बायको, घरी वावर-शेती, दोन बैल, अन् ऐंशी किलोचा आवाज. सून घरात आल्यापासून ती रोज चार वाजता चहा प्याले जिजाबाईकडं येई, कारण आपल्या घरच्या चहात सून साखर मोजून टाकते अशी तिची खात्री होती. जिजाबाईच्या घरी दिवसाचं येणारं जाणारं माणूस म्हटलं तर तेवढंच. तर एक दिवस रुख्माबाईनं कप तोंडाले लावला, अन् त्यात नवरदेव पोहत होता.

तिनं कप खाली ठेवला. जिजाबाईले म्हणे, या घरात एक तं हे राहतीन, नाई तं मी चहा पिईन. दोन्ही होणार नाई.

जिजाबाईनं हो म्हटलं. आज फिनाईल टाकतो, म्हणे. अन् तिनं टाकलं, अगदी झाकणभर, पण न्हाणीत नाई. समोरच्या उंबऱ्यावर टाकलं, का रुख्माबाई आली का पयले तिच्या नाकाले झोंबलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी डांबरगोळ्या आणल्या अन् त्या ताटात मांडून ठेवल्या, पाहुण्यायले शेवचिवडा ठेवावा तशा. रुख्माबाईनं टोमणा मारला का सांजवेळी जीवहत्या करणार नाई म्हणते अन् सकाळी इष ओतते, वा रे तुहं शील.

"मारून नाई राह्यली व मी," जिजाबाई म्हणाली. "नोटीस देऊन राह्यली. अतिक्रमणवाल्यायले देते तशी. पंधरा दिवसाची मुदत आहे त्याईले."

पंधरा दिवस झाले, चिलटं दुप्पट झाली. रुख्माबाई काही काल जन्मली नव्हती. ती उठली अन् बाजारात प्रभाकररावांच्या पाइपच्या दुकानात गेली. प्रभाकरराव चाळीस वर्षांपासून नळ-पाइप विकत, त्याईले गावातल्या प्रत्येक घराचं पाणी कुठून निघते ते तोंडपाठ. त्याईनं सांगतलं, फिनाईलनं काही होत नाई. ही चिलटं पाइपाच्या आतल्या अंगाले जो बुळबुळीत गाळ चिपकतो, त्यात अंडी घालते. वरून कितीही ओता, गाळ राह्यला तर चिलटं राह्यली. पयले हे शोधा का कोणत्या भोकातून येते. सांजच्याले हरेक भोकावर चिकटपट्टी लावा, गोंदाची बाजू खाली, थोडी फट ठेवून. सकाळी ज्या पट्टीले चिलटं चिपकली, तो तुमचा चोर.

रुख्माबाई पट्टीचा रोल घेऊनच आली. सैंपाकघरातल्या मोरीले एक लावली, मागच्या न्हाणीले एक. जिजाबाई पाहत उभी होती, एखाद्याच्या घरी जप्ती यावी तशी.

सकाळी पाह्यलं तर मोरीची पट्टी कोरी. न्हाणीच्या पट्टीले एकच चिलट, तेही वरून बसलेलं. रुख्माबाईनं कमरेवर हात ठेवून घरभर नजर फिरवली, अन् तिची नजर मधल्या खोलीच्या कुलपावर थांबली.

ती खोली प्रफुल्लची. प्रेमदास पुलगावच्या डेपोतून रिटायर झाला तेव्हा त्यानं हे घर बांधलं, अन् पोराचं लगन ठरल्यावर त्या खोलीले आतूनच न्हाणी काढली. सून नागपूरची, तिले अंगणातून जा-ये करा लागू नये म्हणून. फरशी गुलाबी, नळ चमकता. त्या न्हाणीत प्रफुल्ल-रुचिकाच्या आंघोळी किती झाल्या म्हणाल, तर सगळे मुक्काम मिळून एकोणीस दिवस. शेवटचे चार प्रेमदास गेला तेव्हाच्या पुण्यानुमोदनाले, दोन वर्षं झाली. ते गेले, जिजाबाईनं पलंगावर धुतलेली चादर टाकली, धूळ बसू नये म्हणून दाराच्या फटीत जुनं धोतर कोंबलं, अन् कुलूप लावलं. खोली तयार असली म्हणजे माणूस कधीही येऊ शकते, असा तिचा हिशेब.

रुख्माबाईनं चाबी मागतली. जिजाबाई म्हणाली, चाबी हरवली. मंग म्हणाली, आत साप आहे. मंग म्हणाली, साप नाई, पण सापाची कात आहे, अन् ती मोडली तर अपशकुन होते. रुख्माबाई खाटेवर बसली.

"काऊन व जिजे, इतका काऊन जीव धरून राह्यली त्या चिलटायले?"

जिजाबाईच्या तोंडात चौथी थाप तयार होती. पण ती निघाली नाई.

"ते गेले तं पोरगी फोन कायले करीन?" ती म्हणाली. "मले इचाराले येत नाई ती. त्याईले इचाराले येते."

रुख्माबाई उगीच पदरानं तोंड पुसत राह्यली. तिच्या घरात सात माणसं, पण तिले समजलं. थोड्या वेळानं ती उठली, चपला पायात सरकवल्या अन् दारातून म्हणाली, "मंग मी नको येऊ का चहाले?"

ती रागानं बोलली असती तर जिजाबाईनं भांडण काढलं असतं, चार दिवस मजेत गेले असते. पण ती हळू बोलली. जिजाबाईनं पोलक्यात हात घातला अन् चाबी काढून तिच्या हातावर ठेवली.

दार उघडलं तसा कोंदट वास आला. पलंगावरची चादर जशीच्या तशी, एक सुरकुती नाई. न्हाणीचं दार लोटलं अन् दोघी उंबऱ्यावरच थांबल्या. गुलाबी फरशी राखाडी झाली होती. भिंतीवर, नळावर, उलट्या बादलीवर, सगळीकडं चिलटं, तीळ सांडावे तशी. त्याईनं दाराच्या धोतराखालून बाहेर निघाले वाट केली होती. साबणदाणीत साबणाची वडी तडकून पांढरी पडली होती. जाळी उचलली तर खाली पाणी नाई, नुसता काळा गाळ.

प्रभाकररावांचं पुढचं बोलणं रुख्माबाईले आता आठवलं. जाळीखाली एक वाटी राहते, तिच्यात पाणी साचून राहते. तेच पाणी चौकीदार. न्हाणी वापरली नाई का पाणी सुकते, चौकीदार गेला का खालची नाली अन् वरचं घर एक होते.

दोघींनं पातळं खोचली. बाटल्या धुवाचा लांब ब्रश आणला, चुलीवर हंडाभर पाणी उकळलं, कपड्याचा सोडा टाकला. जिजाबाई वाकून भोकात ब्रश घालून फिरवे अन् रुख्माबाई वरून ऊन पाणी ओते. काळा, बुळबुळीत, जाड गाळ निघाला, केसाच्या गुंतावळ्यासकट. त्यात एक लांब केस होता, रुचिकाचा असणार. जिजाबाई तो पाहत थांबली, तर रुख्माबाईनं तिच्या हातावरच पाणी ओतलं अन् म्हणे, देव्हाऱ्यात ठेवतं का आता त्याले? दोघी हसल्या. हसता हसता जिजाबाईनं नाक ओढलं, ते सोड्याच्या वाफेनं असं तिनं सांगतलं.

पाच दिवस रोज घासलं. सहाव्या सकाळी पट्टी कोरी निघाली. रुख्माबाईनं दोन कप चहा पिला, तिसराही मागतला.

संध्याकाळी साडेसहाले फोन आला. रोशनी म्हणाली, आजी, आज मामा काय करतोय? जिजाबाईनं सांगाले सुरवात केली, मामाले म्हणे सपन पडलं का तो हत्ती झाला. रोशनीनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, दाखव. जिजाबाई फोन घेऊन न्हाणीत गेली. भिंत कोरी. तिनं कोपरा दाखवला, छत दाखवलं. शेवटी म्हणाली, गेले व बाई सगळे. बोऱ्याबिस्तर बांधून पयल्या येष्टीनं जामले गेले, तिथून ट्रक पकडला.

"कुठे गेले?"

"पुण्याले. तुमच्याच घरी येऊन राह्यले. वाट पाहजो."

रोशनीनं फोन सोफ्यावर टाकला. धडपडत पळतानाचा तिचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाले फोन आला नाई. पोरगी खेळाले गेली असेल. तिसऱ्या दिवशीही नाई. चौथ्या दिवशी जिजाबाईनं मोबाईल दुपारपासून चार्जिंगले लावला, काच पदरानं पुसली अन् रुख्माबाईले म्हणे, जरा तुह्या फोनवरून मले लावून पाह्य व, माह्यावाला बिघडला वाटते. रुख्माबाईनं लावला. फोन खणखणीत वाजला. दोघी त्याच्याकडं पाहत बसल्या, तो वाजून वाजून आपलाच थांबला. रुख्माबाई म्हणाली, पोरायचं असंच राहते. आमच्या नातीले, सुरभीलेही आठ दिवस पतंग, आठ दिवस पोपट. जिजाबाईनं मान हलवली अन् इचारलं, अजून चहा टाकू का?

रविवारीही दहाचा फोन आला नाई. साडेदहा झाले, अकरा झाले. इस्त्रीचं पातळ बसून बसून चुरगळलं. साडेअकराले वाजला, तर फोनमध्ये रुचिका, केस मोकळे, तोंड दमलेलं. रोशनीनं पाच दिवसांपासून वेड लावलं आहे, ती म्हणाली. बॅटरी घेऊन बाथरूममध्ये बसून राहते, अभ्यास नाही, जेवण नाही. आजीने पाहुणे पाठवलेत म्हणते. जिजाबाई मान खाली घालून ऐकत होती. तिले वाटलं, आता बंद होते फोन. आता म्हणते, आई, पोरीच्या डोक्यात नका काही भरवू.

रुचिका म्हणाली, "आणि आई, खरंच निघाले हो. भिंतभर. मी दोन स्प्रे संपवले, जातच नाहीत. तुम्ही काय केलं होतं?"

जिजाबाई सरळ होऊन बसली. तिनं प्रभाकररावांची सगळी विद्या सांगतली, गाळ, ब्रश, सोडा, ऊन पाणी, वाटीतला चौकीदार. रुचिका कागदावर लिहून घेत होती. सुनेनं तिचं बोलणं लिहून घेतलं असं याआधी कधी झालं नव्हतं. मंग जिजाबाईनं इचारलं, तुमच्या दोन न्हाण्यायपैकी कोणत्या न्हाणीत निघाले? कोणती वापरत नाई तुम्ही?

रुचिकाचा पेन थांबला.

"ती छोट्या खोलीतली," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवलेली."

पुण्यात कुठंतरी मिक्सर चालू होता. रुचिका म्हणाली, म्हणजे, तुम्ही आल्या की लागेल म्हणून. हो, जिजाबाई म्हणाली. आठवड्यातून एकडाव बादलीभर पाणी ओतत जा तिथं, मंग होत नाई. रुचिका म्हणाली, ओतते. तुम्ही या आता एकदा, असं तिच्या ओठाशी आलं असेल, नसेलही. ती म्हणाली, रोशनीला देते.

रोशनी फोन घेऊन त्याच न्हाणीत गेली. पांढरी फरशी, हुकाले टांगलेला टॉवेल, त्याची घडी दुकानातून आणली तशीच. पाणी ओतायचं काम आता तिचं, तिनं सांगतलं. पप्पांनी आत्ताच दिलंय. मंग ती जरा थांबली.

"आजी, तू इथे येऊन आंघोळ केलीस तर मला ओतावं लागणार नाही ना? मग तू का येत नाहीस?"

जिजाबाईच्या पोटात सरपंच होता, नवरदेव होता, कन्याकुमारीचा ट्रक होता. एकही वर आला नाई. कोणी बोलावलंच नाई, हे खरं सांगतलं असतं तर ते पोरीच्या बापाले लागलं असतं, अन् सात वर्षांच्या पोरीनं बापाकडं कसं पाहावं ते आजीनं शिकवू नये, एवढं तिले समजत होतं.

"मले गाडी लागते व माय," ती म्हणाली.

गाडी तिले जन्मात लागली नव्हती. प्रेमदास नोकरीवर होता तेव्हा पुलगावहून समुद्रपूरले येताना ती येष्टीच्या मागच्या सीटवर बसून मिरचीभजे खात येई.

"बरं," रोशनी म्हणाली. "मम्मीला पण लागते."

मंग तिनं फोन कुठंतरी उलटा ठेवला, दिसाचं बंद झालं. पाण्याचा आवाज आला, एक मग, दुसरा मग. पाणी जाळीतून खाली जाताना गटगट वाजलं. बादली सरकली. मंग तिकडून कोणीतरी हाक मारली, दार आपटलं, अन् पोरीचे पाय पळत दूर गेले. ती फोन बंद कराले विसरली. जिजाबाईनं तो कानाले लावला. तिकडं नळ नीट बंद झाला नव्हता, थेंब थेंब पडत होता. ती तो ऐकत बसली. तिनंही फोन बंद केला नाई.